मालक बाहेर गेला की गाळा का थांबतो?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. भोसरीत तुमचा सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ) आणि व्हीएमसीचा (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) जॉबवर्कचा गाळा आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणारा छोटा कारखाना. माणसं चौदा. दोन वर्षांपूर्वी वडिलांकडून कारभार तुमच्याकडे आला. तुम्ही पगार वाढवले, दिवाळीला बोनस दिला, पावसाळ्यात सगळ्यांना लोणावळ्याला घेऊन गेलात. तरीही ‘पोरं मनापासून काम करत नाहीत’. तुम्ही बँकेत किंवा कस्टमरकडे गेलात की एखादं मशीन बंद पडतं, आणि परत येता तेव्हा तीन जण केबिनच्या दारात उभे असतात. त्यात दोन ऑपरेटर दीड हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात गेले. वडील अजून रोज अकराला येऊन एक चक्कर मारतात. आणि तुम्ही विचारलंय की या लोकांना मोटिव्हेट कसं करायचं.

मीही भोसरीतच टर्निंगचा गाळा चालवते. सुरुवातीला फक्त हिशेब आणि बिलिंग बघायचे, २००९ पासून शॉप फ्लोअर बघते. आज आमच्याकडे बावीस जण आहेत. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले: ‘मी नसलो की काम थांबतं.’ मला वाटतं तुमची खरी अडचण हीच आहे. मनापासून काम न करणारा माणूस तुम्ही समोर असतानाही ढिलाई करतो. तुम्ही समोर असताना तुमचे लोक धडाधड काम करतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हातात काम आहे, अंगात मेहनत आहे. अडतंय ते निर्णयापाशी. आणि थांबून राहणं सगळ्यात सुरक्षित आहे, हे त्यांना कुणीतरी शिकवलंय. बहुधा तुम्ही, तुमच्या आधी तुमच्या वडिलांनी, आणि दोघांनीही अगदी चांगल्या हेतूनं.

मला तुमच्या गाळ्यातल्या काही गोष्टी माहीत नाहीत, आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. तुमचे पगार आसपासच्या गाळ्यांपेक्षा दोन-तीन हजारांनी कमी असतील, तर पुढचं सगळं नंतर, आधी ते सरळ करा. चौदातले निम्मे ठेकेदाराचे असतील तर त्यांच्याशी तुमचं नातंच वेगळं असणार. आणि कस्टमरकडून पैसे यायला दर वेळी नव्वद-शंभर दिवस लागत असतील, तर तुमच्या डोक्यावरचा ताण लोकांपर्यंत पोचतोच, तो कितीही लपवला तरी. या गोष्टी बऱ्यापैकी ठीक आहेत असं धरून लिहिते.

मला हे कसं समजलं ते आधी सांगते, कारण सगळं त्यातूनच आलंय. २००९ मध्ये आमच्या मिस्टरांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि ते पाच महिने घरी होते. तोवर गाळ्यातला प्रत्येक निर्णय त्यांचा. हाताला एवढे पक्के की कटिंगचा आवाज ऐकून इन्सर्ट (धातू कापणारं, झिजलं की बदलायचं पातं) गेलाय की नाही सांगायचे. मला मशीन चालवता येत नव्हतं. सगळे मला वहिनी म्हणायचे, आजही म्हणतात. दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी इन्स्पेक्शनच्या टेबलावर २८० बुश (धातूच्या पोकळ नळ्या) बाद निघाल्या. बोअर (आतलं भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये हवा. आला होता २५.०४ च्या आसपास. बोअर लहान असता तर परत मारता आला असता, मोठा झालेला बोअर भंगारात जातो.

झालं असं होतं: संध्याकाळच्या सेटरनं (मशीन जुळवून देणाऱ्यानं) झिजलेल्या इन्सर्टला धरून ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) दिला होता. रात्री दोनला इन्सर्ट तुटला, ऑपरेटरनं नवा लावला आणि साइज एकदम उडाला. प्लग गेजची (भोक तपासायच्या मापकाची) नोगो बाजू, जी आत जायला नको, ती आत जातेय हे त्याला तिसऱ्या-चौथ्या पीसलाच कळलं होतं. तरी सकाळी सातपर्यंत त्यानं मशीन चालू ठेवलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे, कळलं होतं तर थांबला का नाहीस? तो खाली बघत म्हणाला, ‘वहिनी, ऑफसेटला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. मागच्या वेळी मशीन बंद ठेवलं तर सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. माल खराब निघाला तर इन्सर्टचं नाव तरी सांगता येतं.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा मुलगा कामचुकार नव्हता. आमच्या गाळ्यात काय केलं की काय होतं, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. बंद मशीनवर ओरडा पडतो. खराब मालावरही पडतो, पण तो वाटला जातो. आम्ही रोज सकाळी ‘किती नग झाले?’ एवढंच विचारायचो, म्हणून तो नग देत होता.

मला मशीन येत नव्हतं, म्हणून उत्तर देण्याची सोयच नव्हती. मी त्यालाच विचारलं, काय असतं तर तू थांबला असतास? अर्ध्या मिनिटात त्यानं सांगितलं. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस मोजून ऑफसेट मी घेतो. दोनदा घेऊनही साइज आला नाही तर मशीन बंद करतो आणि वहीत लिहून ठेवतो. पण मग सकाळी मला बोलायचं नाही. मी हो म्हणाले. तो नियम आजही तसाच आहे, फक्त आता तो प्रत्येक मशीनवर चिकटवलेला आहे. टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकायचा, हे मी खूप नंतर ऐकलं. तेव्हा मनात आलं की त्या दोरीचं मोल ओढणाऱ्याला काय ऐकावं लागतं त्यावर ठरतं. ओढल्यावर खेकसणारा मालक असेल तर दोरी नुसती लोंबकळत राहील.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्ही इंजिनिअर आहात, प्रोग्रॅम स्वतः करता, ड्रॉइंग तुमच्याइतकं कुणाला वाचता येत नाही. म्हणून कुणी काही विचारायला आलं की दहा सेकंदांत उत्तर देता. त्या वेळी ते सोयीचं असतं, काम पुढे सरकतं. पण प्रत्येक उत्तराबरोबर समोरचा माणूस एक गोष्ट शिकतो, की पुढच्या वेळीही इथंच यायचं. दोन वर्षं रोज वीस-पंचवीस वेळा हे झालं की केबिनच्या दारात रांग लागणारच.

यावर मी केलेलं पहिलं काम अगदी साधं होतं, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा. जो कोणी जे विचारेल ते एका ओळीत लिहा. काही बदलू नका, उत्तरं नेहमीसारखी द्या, फक्त लिहून ठेवा. आठवड्याच्या शेवटी ती यादी घेऊन बसा. त्यात तीन प्रकारचे प्रश्न सापडतील. काहींची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच माहीत होती, त्याला फक्त तुमची मान हललेली हवी होती. काही त्याला ठरवता आले असते, पण एखादी किल्ली, एखादं गेज किंवा एखादी माहिती तुमच्याकडे अडकलेली होती. आणि काही खरोखर तुमचेच आहेत: भाव, कस्टमरला दिलेली तारीख, ड्रॉइंगच्या बाहेर गेलेला माल पाठवायचा की नाही. तिसरा गठ्ठा बहुतेक सगळ्यात लहान निघतो. आमच्याकडे तसाच निघाला.

दुसऱ्या गठ्ठ्यातलं आमचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे इन्सर्टच्या कपाटाची किल्ली. ती मिस्टरांच्या खिशात असायची, कारण इन्सर्ट महाग आणि पूर्वी एकदा चोरीला गेले होते. मिस्टर बाहेर असले की ऑपरेटर झिजलेल्या इन्सर्टवरच काम रेटायचा किंवा बसून राहायचा. मी किल्ली शिफ्टच्या सेटरकडे दिली आणि कपाटात एक रजिस्टर ठेवलं. जुना इन्सर्ट डबीत टाकायचा, नवा घ्यायचा, सही करायची. पहिल्या महिन्यात इन्सर्टचा खर्च वाढला. माझा जीव वरखाली झाला, पण मी गप्प राहिले. दुसऱ्या महिन्यात सेटर स्वतः येऊन म्हणाला, वहिनी, अमुक जॉबला इन्सर्ट जास्त जातायत, फीड (पातं पुढे सरकण्याचा वेग) थोडा कमी करून बघू का? ज्या माणसाच्या हातात किल्ली नव्हती त्याला हा प्रश्न पडलाच नसता.

एकदम सगळं सोडून देऊ नका. दर आठवड्याला एक निर्णय, एका माणसाकडे, सगळ्यांसमोर सांगून. ‘आजपासून इन्सर्ट कधी बदलायचा ते हा ठरवेल. मला विचारायला येऊ नका, याला विचारा.’ मग कुणी सवयीनं तुमच्याकडे आलंच, तर उत्तर माहीत असूनही देऊ नका. मला हे सोपं गेलं, कारण मला उत्तर माहीतच नसायचं. तुम्हाला जड जाईल. जिभेवर आलेलं उत्तर गिळावं लागेल, आणि कधीकधी तुमच्यापेक्षा थोडा कमी चांगला निर्णय डोळ्यांदेखत होऊ द्यावा लागेल. नुकसान किती होईल याचा अंदाज आधीच बांधा. मी मनात ठरवलं होतं की महिन्याला पाच हजारांपर्यंतची चूक ही शिकवणीची फी. हा आकडा डोक्यात असला की चूक समोर आल्यावर आवाज चढत नाही.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण छोट्या गाळ्यात सगळं यावरच चालतं. चौदा जणांत कुणालाही खासगी बोलणं म्हणून ओरडता येत नाही, मशीन बंद असेल तर शेवटच्या कोपऱ्यातल्या हेल्परलाही ऐकू जातं. मी तीन गोष्टी पाळते. चूक झाली त्याच दिवशी बोलायचं, साठवून पगाराच्या दिवशी काढायची नाही. बाहेर टपरीवर चहाला नेऊन बोलायचं. आणि पीसबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. ‘बोअरला टेपर आलाय, कशामुळे असेल?’ इथून सुरुवात केली की तो विचार करायला लागतो. ‘तुझं लक्षच नसतं’ म्हटलं की तो स्वतःला वाचवायला लागतो. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करायचं, आणि तेही नेमकं. ‘छान काम करतोस’ हे वाक्य कानावरून जातं. ‘सकाळी मशीन थंड असताना साइज हलतो म्हणून तू पहिला तासभर दर पाच पीसला मोजलंस, त्यामुळे आख्खी लॉट वाचली’ हे तो घरी बायकोला सांगतो.

सकाळचा प्रश्नही बदला. मी ‘किती नग झाले?’ विचारणं सोडलं आणि ‘काल कुठं अडलं?’ विचारायला लागले. नग रजिस्टरमध्ये दिसतातच. सोबत एक ‘अडलं’ वही लटकवली, पेन दोरीला बांधून. जे अडलं ते कुणीही लिहायचं, नाव टाकायची सक्ती नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी समोर उत्तर लिहायचं: करते, करत नाही, किंवा अमुक तारखेला करते. पहिले तीन आठवडे वही कोरी राहिली. मग कुणीतरी लिहिलं, ‘संडासची कडी तुटली आहे.’ मी त्याच दुपारी सुतार बोलावून कडी बसवली. आठवड्याभरात आणखी चार ओळी आल्या. व्हीएमसीवर उजेड कमी आहे. कूलंटला वास येतो, हाताला खाज सुटते. एअर गेज एकच आहे आणि दोन मशीनला लागतो. त्या गेजमुळे रोज कितीतरी वेळ वाया जात होता आणि मला पत्ता नव्हता. लोकांनी आधी कडी लिहून बघितली की ही बाई खरंच काही करते का. तुमच्याकडेही पहिली ओळ अशीच काहीतरी किरकोळ असेल. ती त्याच दिवशी पूर्ण करा, कितीही गडबड असली तरी.

आता वडिलांची अकरा वाजताची चक्कर. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला ती ओळ मोठी वाटते. जुनी माणसं तुमच्या वडिलांच्या हाताखाली घडलीत. तुम्ही सकाळी एक सांगता, अकराला बाबा येऊन जाता जाता दुसरंच सांगतात, आणि बारा वाजता माणूस शहाणपणानं काहीच न करता उभा राहतो. त्याला दोन्ही मालकांशी वाईटपणा नकोय. याला कामगारांकडे इलाज नाही. हे घरीच सोडवावं लागतं. आमच्याकडे मिस्टर पाच महिन्यांनी परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न विचारला, ‘रात्री किती नग?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवायच्या आधी दोन तास बोललो. भांडण नव्हतं, पण जड गेलं. ठरलं ते असं: फ्लोअरवरच्या माणसांशी कामाचं मी बोलणार. नवीन जॉबची प्रोसेस, टूलिंग आणि जुने कस्टमर त्यांच्याकडे. फ्लोअरवर काही खटकलं तर ते मला सांगणार, ऑपरेटरला नाही. त्यांना हे पचायला सहा-सात महिने लागले. तुमच्या बाबांना असंच काहीतरी मानाचं आणि खरंखुरं काम द्या. नव्या मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवणं, जुन्या कस्टमरकडे जाणं, मटेरियल घेताना सोबत असणं. नुसतं ‘बाबा, आता आराम करा’ म्हटलंत तर त्यांची अकराची चक्कर दहाला सुरू होईल.

इथवरचं थोडक्यात: थांबणाऱ्याला बोलणी नाहीत, एका आठवड्याला एक निर्णय खाली द्यायचा, अडलेलं लिहायला जागा आणि लिहिलेल्याला उत्तर, आणि फ्लोअरवर आवाज एकाचाच. हे चार जमले तर तुमचं निम्मं काम झालं.

पैशाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, म्हणून तेही. पगार वाढवून माणूस मनापासून काम करायला लागत नाही, हा तुमचा अनुभव खरा आहे. पण पैशाच्या बाबतीत अनिश्चितता असेल तर चांगला माणूसही मन काढून घेतो. पगार सात तारखेच्या आत, दर महिन्याला, एकदाही न चुकता. कस्टमरचे पैसे आले नाहीत हे कारण किराणा दुकानदार ऐकत नाही. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं द्यायचा असतो. तो सरळ दरानं देऊन वर चहा-वडापाव देणाऱ्या गाळ्यांत लोक मनातल्या मनात हिशेब करतातच. उचल द्यायची की नाही, किती आणि कशी कापायची, याचा एकच नियम सगळ्यांना सारखा असू द्या. आमच्याकडे उचलीवरून जेवढी मनं दुखावली तेवढी पगारावरून कधी दुखावली नाहीत, कारण एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही.

बोनसबद्दलचा तुमचा सूर मला थोडा खटकला, राग मानू नका. ‘बोनस दिला तरी’ असं तुम्ही म्हणता. १९६५ च्या बोनस कायद्याखाली किमान बोनस कित्येक वर्षं ८.३३ टक्के चालत आलाय, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, साधारण एक महिन्याचा पगार. लोक त्याला हक्क मानतात आणि मानणारच. त्यातून उपकाराची भावना येईल अशी वाट बघू नका. नव्या श्रमसंहितांनंतर कुठल्या तरतुदी किती माणसांच्या गाळ्याला लागू होतात त्यात फरक पडलाय, ते तुमच्या सल्लागाराला विचारून घ्या, पण चालू असलेला बोनस कायदा दाखवून कमी करायचा विचार मनात आणू नका.

त्याउलट ज्या गोष्टीवर माझा फार खर्च झाला नाही आणि जिचा परिणाम सगळ्यात खोल झाला, ती म्हणजे लोकांना त्यांचे स्वतःचे आकडे दाखवणं. आमच्याकडे एक मामा आहेत, पहिल्या लेथपासूनचे. त्यांना वीस वर्षं झाली तेव्हा मी कागदावर मांडून दाखवलं: मूळ पगार वीस हजार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वीस वर्षं, म्हणजे ग्रॅच्युइटी दोन लाख तीस हजारांच्या आसपास. आणि ती एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटीत दरवर्षी भरली जाते, गाळ्याचं काहीही झालं तरी सुरक्षित आहे. त्यांनी तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते पैसे शेठच्या मर्जीवर आहेत. ईएसआयचंही (कामगारांच्या आरोग्य विम्याचंही) तसंच. पगारातून कापलं जातं एवढंच लोकांना माहीत असतं. मी एक दिवस काढून प्रत्येकाच्या कार्डावर बायको-मुलं आणि सांभाळणारे आईवडील चढवले, आणि मोहननगरच्या रुग्णालयात काय कागद लागतात ते फळ्यावर लिहिलं. दोन महिन्यांनी एका हेल्परच्या बायकोचं बाळंतपण तिथं झालं. हे पैसे तुम्ही आधीच भरताय. ते पोचतायत की नाही एवढंच बघायचं.

नगावर इन्सेंटिव्ह लावायचा मोह होईल. मी २०१२ मध्ये लावला होता. नग वाढले, रिजेक्शनही वाढलं, आणि चांगले जॉब कुणाला मिळतात यावरून दोन शिफ्टमध्ये बोलणं बंद झालं. मग बंद केला तर सहा महिने सगळे नाराज. कधी न दिलेल्यापेक्षा देऊन काढून घेतलेलं फार दुखतं. तुमच्या गाळ्याची घडी बसेपर्यंत कुठलीही स्कीम सुरू करू नका.

दीड हजारासाठी गेलेल्या दोघांना एकदा चहाला बोलवा. परत या म्हणून नाही, नुसतं विचारायला. मी अशा जवळजवळ प्रत्येकाला विचारलंय. पैसे हे कारण खरं असतं, पण एकटं क्वचित असतं. एकाला तीन वर्षांत सेटिंग शिकायला मिळालं नव्हतं. दुसऱ्याला बहिणीच्या लग्नाला चार दिवस मागूनही सुट्टी मिळाली नव्हती.

शिकण्याचं आधी. हेल्परपासून ऑपरेटर, ऑपरेटरपासून सेटर, सेटरपासून प्रोग्रॅमिंग, या प्रत्येक पायरीला काय यायला हवं आणि आलं की पगार किती वाढेल, हे एका पानावर लिहून लावा. ‘बघू पुढच्या वर्षी’ हे वाक्य कायमचं सोडा. शिकवला की जाईल ही भीती मलाही होती. शिकलेले काही गेले, हे खरं आहे. त्यातल्या एकानं स्वतःचा गाळा टाकला आणि आमच्याकडे काम जास्त झालं की आज तोच आम्हाला माल करून देतो. पण न शिकवलेलेही गेले, आणि त्यांच्याजागी परत न शिकलेलेच आले.

सुट्टीचं तर आपल्या भागात विशेष. आमची निम्मी माणसं लातूर, नांदेड, बीडकडची, काही खानदेशातली, तीन बिहारची. गावची जत्रा, मे महिन्यातली लग्नं, जूनची पेरणी, गणपती, दिवाळी, छठ. या तारखा अचानक येत नाहीत, पण आम्ही दरवर्षी अचानक आल्यासारखे वैतागायचो. आता जानेवारीत भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावते आणि सांगते, एका वेळी चारपेक्षा जास्त नाहीत, बाकी तुम्ही आपसांत ठरवा. पहिल्या वर्षी थोडी खडाखडी झाली. नंतर छठला बिहारची मुलं गेली की मराठवाड्याची मुलं त्यांची मशीन सांभाळतात, आणि जत्रेच्या वेळी उलट. यात मी आता पडत नाही.

मालकीची भावना कुठून येते, असंही तुम्ही विचारलंय. मला दोन-तीन गोष्टी आठवतात. सहा वर्षं तीच बुश करणाऱ्या ऑपरेटरला ती कुठं बसते हे माहीत नव्हतं. एकदा डिलिव्हरीच्या गाडीतून त्याला कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर पाठवलं. तिथं प्रेसवर बुश बसवणारा मुलगा त्याला म्हणाला, तुमच्या पार्टला बर (कडेला राहिलेली धारदार किनार) असली की माझं बोट कापतं. परत आल्यापासून त्याच्या हातून बर असलेला पीस पुढे गेलेला मला आठवत नाही. दुसरं, कस्टमरचा क्वालिटीचा माणूस ऑडिटला येतो तेव्हा मशीनवरच्या प्रश्नांना ऑपरेटरच उत्तर देतो, मी बाजूला उभी राहते. आणि खंडेनवमीला प्रत्येक मशीनची पूजा त्या मशीनचा माणूस करतो, हार त्यानं आणायचा, नारळ त्यानं फोडायचा. पूर्वी सगळे नारळ मालकच फोडायचे.

शेवटी एक कठीण गोष्ट. चौदा जणांत एखादा असा असेलच, ज्याला जमत नाही असं नाही, पण करायचं नाही. बाकीचे तेरा तुमचं त्याच्याशी वागणं बघत असतात. मी एका माणसाला दोन वर्षं सांभाळून घेतलं, घरची परिस्थिती बघून. त्या काळात माझा सगळ्यात चांगला सेटर सोडून गेला आणि जाताना म्हणाला, ‘वहिनी, त्याला आणि मला तुम्ही एकाच तराजूत तोलता.’ तुमच्याकडे असा कुणी असेल तर त्याच्याशी स्पष्ट बोला, काय बदलायला हवं ते लिहून द्या, दोन महिन्यांची तारीख द्या. नाहीच बदलला तर रीतसर नोटीस देऊन, सगळं देणं चुकतं करून, सन्मानानं मोकळं करा. पण हे पहिल्या महिन्यात करू नका. आधी थांबण्याची शिक्षा काढून टाका. ज्याला तुम्ही आज कामचुकार समजताय, तो कदाचित फक्त घाबरलेला असेल. आमचा तो रात्रपाळीचा मुलगा आज आमचा शिफ्ट इन्चार्ज आहे.

गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी सकाळी खिशात वही घेऊन गाळ्यात जा. आठवडाभर फक्त लिहा. त्या यादीतले पहिले दहा प्रश्न मला कळवा, मग तुमच्याकडे कुठली किल्ली आधी सोडायची ते आपण मिळून बघू.